स्टिअरमनच्या फ्लाय-इनला पहिल्यांदाच जाताय? रंग नंतर बघा, आधी तारा बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: शिकागोजवळ राहतो, सप्टेंबरमध्ये गेल्सबर्गला जुन्या बायप्लेनचा, म्हणजे एकावर एक दोन पंख असलेल्या विमानांचा, मेळावा भरतो असं ऐकलं, मी, बायको आणि दहा वर्षांचा मुलगा असे जाणार, विमानातलं काही कळत नाही, फोटोत तर सगळी सारखीच दिसतात, मग बघायचं काय? ओशकोशच्या मोठ्या विमान मेळाव्याला जावं की इथे? फोटो कसे काढायचे, बसायला मिळतं का, आणि जेआरडी टाटांनी कराचीहून मुंबईला आणलेलं विमान असंच होतं का?

मी इकडे मिडवेस्टमध्ये बरीच वर्षं कापडी विमानांचं काम करतो, दुरुस्ती पण आणि वार्षिक तपासणीच्या सह्या पण, आणि त्यात सगळ्यात जास्त काम स्टिअरमन या जुन्या बायप्लेनचंच येतं, त्यामुळे उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा.

आधी ओशकोश की गेल्सबर्ग ते संपवून टाकू. ओशकोश जुलैच्या शेवटी असतं, त्या आठवड्यात ओशकोश आणि आजूबाजूच्या विमानतळांवर मिळून दहा हजारांवर विमानं येतात, जेट, हेलिकॉप्टर, घरी बनवलेली, सगळं काही, आणि ते एकदा आयुष्यात बघाच. पण तिथे बायप्लेन बघायला गेलात तर दिवसाचा अर्धा वेळ चालण्यात जातो आणि उरलेला रांगेत. गेल्सबर्गचा नॅशनल स्टिअरमन फ्लाय-इन १९७२ पासून चालू आहे, लेबर डेच्या आसपास असतो, छोटं गाव, छोटा विमानतळ, आणि गवतावर एका ओळीत एकाच जातीची विमानं. नवख्या माणसाला एकाच जातीची खूप विमानं बघायला मिळणं हे सगळ्यात चांगलं, कारण मग डोळा आपोआप फरकावर जातो, याचं इंजिन वेगळं, त्याला पुढे रिंग लावलीय, याचा टेलव्हील, म्हणजे शेपटीखालचं चाक, वेगळा. शिकागोहून गाडीने तीन-सव्वातीन तास, अ‍ॅमट्रॅकची ट्रेन पण गावात थांबते. माझं मत विचाराल तर गेल्सबर्ग.

आणि हा एअर शो नाही हे बायकोला आणि मुलाला आधीच सांगून ठेवा. लाउडस्पीकरवर ओरडणारा माणूस, धुराची चित्रं, दोन वाजता अमुक, तीन वाजता तमुक, ही अपेक्षा ठेवून आलात तर तासाभरात कंटाळाल. फ्लाय-इन म्हणजे मालक मंडळी आपापली विमानं उडवत येतात, एकमेकांना भेटतात, खुर्च्या टाकून बसतात, मनात आलं की एक चक्कर मारून येतात. स्टिअरमन ताशी ९०-१०० मैलांनी जातो, समोरून वारा असेल तर खालच्या हायवेवरचे ट्रक पुढे निघून जातात, तरी लोक दोन-दोन तीन-तीन दिवस उडत कॅलिफोर्नियाहून, टेक्सासहून येतात. स्पर्धा असतात थोड्याफार, ठरलेल्या रेषेवर उतरणं, कमीत कमी अंतरात उड्डाण, पिठाची पुडी वरून खुणेवर टाकणं, त्या मुलाला आवडतील.

आता ओळखायचं कसं. स्टिअरमन म्हणजे बोइंग-स्टिअरमन मॉडेल ७५, कॅन्ससमधल्या विचिटाला बनलेलं, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या आणि नौदलाच्या हजारो पोरांनी पहिलं उड्डाण याच्यावर शिकलं, साडेआठ हजारांच्या आसपास बनली. निळं धड आणि पिवळे पंख दिसले तर आर्मीचा रंग, सगळं पिवळं दिसलं तर नेव्हीचा, आणि सगळं चंदेरी असेल तर युद्धातला नंतरचा आर्मीचा रंग. गंमत म्हणजे ज्याचं नाव त्याला आहे तो लॉइड स्टिअरमन हे विमान काढायच्या आधीच कंपनी सोडून गेला होता. हाच माणूस १९२५ मध्ये वॉल्टर बीच आणि क्लाइड सेस्ना यांच्यासोबत ट्रॅव्हल एअर कंपनीत होता, म्हणजे एकाच गावात, एकाच छपराखाली तीन माणसं आणि तिघांच्याही नावाची विमानं पुढे जगभर गेली. ट्रॅव्हल एअरचं एखादं जुनं बायप्लेन आलंच तर त्याच्या वरच्या पंखाची टोकं बघा, एलेरॉनचा, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या हलत्या पट्टीचा, भाग हत्तीच्या कानासारखा बाहेर आलेला असतो, लगेच कळतं.

बाकी पाहुणे पण येतात. खालचा पंख पुढे आणि वरचा मागे, बंद केबिन, चाकं आत जाणारी, असं उलटं बायप्लेन दिसलं की ते बीचचं स्टॅगरविंग, १९३२ चं, त्या काळात श्रीमंत कंपन्यांच्या साहेबांसाठी बनवलेलं. एकदम छोटं, पंखांचा पसारा सतराएक फुटांचा, बघूनच वाटतं की हे उलटं उडतं, ते पिट्स. ओहायोचं वॉको पण बरंच दिसेल, ते स्टिअरमनच्या मानाने नाजूक आणि देखणं. आणि ज्याचं इंजिन गोल नाही, लांबट नाक आहे आणि सिलिंडर खाली लटकलेले आहेत ते टायगर मॉथ, त्याच्याकडे मी नंतर येतो कारण त्याचं आपल्याशी नातं आहे.

हे झालं नावगाव. आता माझ्या मते खरं बघायचं ते. लोक येतात, चकचकीत रंगाचे फोटो काढतात आणि जातात. रंग तर माझ्याकडे कोणीही पैसे देऊन मारून घेतो. तुम्ही विमानाच्या बाजूला, साधारण पंखाच्या टोकापासून चार पावलं लांब उभे राहा आणि दोन पंखांच्या मधल्या तारा बघा. दोन दिशांच्या तारा असतात. एक धडाच्या खालच्या बाजूने निघून बाहेर वरच्या पंखाकडे जाते, ती फ्लाइंग वायर. दुसरी वरून मधून निघून बाहेर खालच्या पंखाकडे उतरते, ती लँडिंग वायर. विमान हवेत असताना पंख वर उचलले जातात, तो सगळा ताण फ्लाइंग वायरवर येतो, म्हणून त्या बहुतेक ठिकाणी जोडीने असतात, एक तुटली तर दुसरी असावी. जमिनीवर उभं असताना किंवा धपकन उतरल्यावर पंखांचं वजन खाली ओढतं, तेव्हा लँडिंग वायर काम करतात. दोन पंख, मधले स्ट्रट म्हणजे उभे खांब आणि या तिरक्या तारा मिळून एक कैची तयार होते, आपल्याकडे पत्र्याच्या शेडला लोखंडी कैच्या असतात ना, तेच गणित, फक्त आडवं ठेवलेलं आणि उडणारं. ही कल्पना पण पूल बांधणाऱ्यांकडूनच आली, ऑक्टेव्ह शनूट हा रेल्वेचे पूल बांधणारा इंजिनिअर होता, त्याने १८९६ मध्ये आपल्या ग्लायडरला हा पुलाचा सांगाडा लावला, राइट बंधूंनी तिथूनच उचललं.

म्हणून तर दोन पंख. लोकांना वाटतं दोन पंख म्हणजे दुप्पट उचल, तसं नाही, दोन्ही पंख एकमेकांची हवा बिघडवतात. खरा फायदा असा की हलक्या लाकडाचे पातळ पंख घेऊन भक्कम सांगाडा करता येतो, आणि पंख लांबीला आखूड राहतात. तोटाही त्याच तारांमध्ये आहे, प्रत्येक तार, प्रत्येक स्ट्रट हवेला अडवतो. पुढे धातूचे जाड, आतूनच मजबूत पंख बनायला लागले तशा तारा गेल्या आणि बायप्लेनही गेलं. जवळून पाहिलं तर तारा गोल नसतात, चपट्या असतात, पुढची-मागची कड निमुळती केलेली, हवा कापायला. आणि तारा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे एक बारीक दांडी बांधलेली दिसेल, तिला जॅव्हलिन म्हणतात, ती नसेल तर हवेत तारा थरथरून एकमेकींवर घासतील. ही दांडी कोणीच बघत नाही, तुम्ही मालकाला तिच्याबद्दल विचारा आणि मग त्याचा चेहरा बघा, तुमच्यासाठी खुर्ची निघते की नाही ते सांगा मला.

कापडाचं आता. पंखाच्या आत स्प्रूस लाकडाच्या दोन लांब तुळया आणि त्यावर लाकडी रिब, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या, धडाच्या आत वेल्ड केलेल्या स्टीलच्या नळ्या, आणि वरून कापड. पूर्वी सुती, त्यावर डोप नावाचं लॅकर, हल्ली जवळजवळ सगळीकडे पॉलिएस्टर. आम्ही ते कापड सैलसर चिकटवतो आणि मग इस्त्रीने ताणतो, हो, साधी इस्त्रीच, फक्त थर्मामीटरने मोजून घेतलेली, आधी अडीचशे फॅरनहाइट, मग तीनशे, शेवटी साडेतीनशे, त्यावर गेलात तर कापड उलट सैल पडतं आणि आठवड्याची मेहनत पाण्यात. ताणून झालं की प्रत्येक रिबला मेण लावलेल्या दोऱ्याने टाके घालायचे, लांब सुई वरून खाली, एक माणूस वर एक माणूस खाली, प्रत्येक टाक्याला गाठ, एका पंखात असे शेकडो टाके. मग त्यावर कातरलेल्या दातेरी कडेची पट्टी चिकटवायची. उन्हाच्या तिरप्या प्रकाशात पंखावरून नजर फिरवली की पट्टीखाली एका ओळीत बारीक उंचवटे दिसतात, ते टाके. ओळ सरळ आणि अंतर सारखं असेल तर समजा काम करणारा चांगला होता. माझ्यासारखे लोक दुसऱ्याचं विमान बघायला गेले की आधी तिथेच वाकतात, आणि थोडी कुजकट चर्चा पण करतात, ते सोडा.

पंखाच्या खालच्या बाजूला मागच्या कडेजवळ छोट्या गोल रिंगा आणि त्यात भोकं दिसतील, पाणी आणि दमट हवा बाहेर जायला. ती रंगाने बुजलेली दिसली तर मला पोटात गोळा येतो, कारण आत पाणी साठलं की लाकूड कुजतं आणि बाहेरून विमान नव्यासारखं दिसत राहतं. म्हणून म्हणतो रंगावर जाऊ नका. बक्षीस मिळवणारी विमानं बघा जरूर, पण ज्यांच्या पोटावर तेलाचे ओघळ आहेत, पायरीजवळचा रंग बुटांनी उडालाय, कॉकपिटच्या कडेचं चामडं हातांनी गुळगुळीत झालंय, ती विमानं उडतात. पहिल्या प्रकारातली काही ट्रेलरवरून आलेली असतात.

तेलाचं आलंच तर इंजिन. स्टिअरमनला बहुतेक कॉन्टिनेंटलचं सात सिलिंडरचं, २२० हॉर्सपॉवरचं गोल इंजिन असतं, काहींना लायकमिंगचं नऊ सिलिंडरचं. मोजून बघा, मुलाला मोजायला लावा, एका गोलात कधीच सम आकडा नाही येणार. कारण फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांत सगळे सिलिंडर एकेकदा पेटले पाहिजेत, मग एक सोडून एक पेटवत जायचं, १, ३, ५, ७, आणि तिथून पुढे २, ४, ६, विषम आकडा असला तरच हे गणित सलग बसतं. सम असते तर एका फेरीतच क्रम अडकला असता.

हे इंजिन बघायचं तर सकाळी लवकर या. रात्रभर उभ्या इंजिनात तेल खाली उतरतं आणि तळाच्या सिलिंडरमध्ये, सातात ते चौथा आणि पाचवा, जमा होतं. तेल दाबलं जात नाही. तसंच स्टार्ट केलं तर पिस्टन तेलावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि वाकडा रॉड त्याच दिवशी तुटेल असं नाही, महिन्याने हवेत तुटतो. म्हणून मालक मॅग्नेटो, म्हणजे इंजिनाला ठिणगी देणारी यंत्रं, बंद आहेत हे दोनदा बघून प्रॉप, म्हणजे नाकावरचा पंखा, हाताने सावकाश ओढतो, दोन पूर्ण फेऱ्या म्हणजे दोन पात्यांच्या प्रॉपला चार पाती, एवढ्यात सातही सिलिंडर दाबाखालून जातात, बरेच जण त्याहून जास्त ओढतात. मध्येच हात अडला तर जोर करायचा नाही आणि उलटंही फिरवायचं नाही, उलटं फिरवलं की तेल इनटेक पाइपात जातं आणि स्टार्ट झाल्यावर परत येतं, खालचा स्पार्क प्लग काढून तेल बाहेर सोडायचं हाच उपाय. कोणी स्पॅनर घेऊन इंजिनाखाली गुडघ्यावर बसलेला आणि खाली ट्रे लावलेला दिसला तर विमान बिघडलं असं समजू नका, शहाणा माणूस आहे. आणि खाली तेल ठिबकतंय हे त्याला सांगायला जाऊ नका, गोल इंजिनवाल्यांचा जुना विनोद आहे की खाली तेल नसेल तर आतही नाही.

नशीब असेल तर एखादं जुन्या इनर्शिया स्टार्टरचं विमान मिळेल. एक जण खालच्या पंखाच्या मुळाशी उभा राहून इंजिनाच्या बाजूला हँडल घालून फिरवतो, आधी जड, मग आतली फ्लायव्हील वेग घेते आणि बारीक सुरात ओरडायला लागते, तो सूर चढला की हँडल काढून माणूस बाजूला आणि पायलट खटका ओढतो. मग दोन खोकले, निळा धूर आणि एकेक करून सिलिंडर जागे होतात. आता बहुतेकांनी इलेक्ट्रिक स्टार्टर लावलेत, सोयीचे आहेत, मी स्वतः लावून देतो, पण बघायला मजा जुन्याचीच.

दुपारनंतर जागा बदला. रनवेच्या मधल्या भागासमोर, जिथपर्यंत पब्लिकला परवानगी असेल तिथपर्यंत, खुर्ची टाका आणि लँडिंग बघा. टेलव्हीलच्या विमानाचा वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे असतो, त्यामुळे उतरल्यावर शेपूट सतत पुढे यायला बघते, जरा वाकडं झालं की आणखी वाकडं होतं आणि विमान गर्रकन फिरतं, त्याला ग्राउंड लूप म्हणतात, आणि स्टिअरमन त्यासाठी बदनाम आहे, चाकं जवळजवळ आणि धड उंच. तुम्ही रडर बघा, शेपटीचा उभा भाग. हवेत शांत असलेला रडर चाकं टेकल्यापासून डावी-उजवी असा नाचायला लागतो, ते पायलटचे पाय. चांगला पायलट छोट्या छोट्या हालचाली खूप करतो, घाबरलेला मोठ्या करतो. आडवा वारा असेल तर ही सगळ्यात भारी गोष्ट आहे अख्ख्या फील्डवर, आणि सगळे खुर्चीवाले मनातल्या मनात मार्क देत असतात. टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर चालताना, विमान नागमोडी का जातं असं मुलगा विचारेल, नाक एवढं वर असतं की समोरचं काही दिसत नाही, म्हणून डावीकडे वळून बघायचं, उजवीकडे वळून बघायचं.

आता वागायचं कसं, हे जरा कडक सांगतो. प्रॉपला हात नाही, कधीच नाही, इंजिन बंद असलं तरी. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही, बंद करायची वायर आतून तुटली असेल तर स्विच ऑफ असूनही प्रॉप हलवल्यावर इंजिन पेटू शकतं. मुलाला प्रॉपसमोर उभं करून फोटो काढणारे आईवडील दिसले की मी मध्ये जातो आणि वाईटपणा घेतो. विमानाजवळ सिगरेट नाही, पेट्रोल तर आहेच पण जुन्या प्रकारचा डोप भडकून जळतो. कापडाला बोटाने टोचून बघायचं नाही, अंगठ्या, बेल्टचं बक्कल, पाठीवरच्या बॅगेची चेन, यांनी सगळ्यात जास्त ओरखडे पडतात, सॅक पुढे घ्या. पंखावर पाय ठेवायची वेळ आली तर फक्त धडाजवळची काळी खरखरीत पट्टी, तिच्या बाहेर नुसतं कापड आहे, पाय सरळ आत जाईल. टोपी सैल असेल तर खिशात. ड्रोन घरी ठेवा. आणि 'क्लिअर प्रॉप' असं कोणी ओरडलं की हातातलं सँडविच सोडून आजूबाजूला बघायचं, मगच पुढचं पाऊल. मुलासाठी कानाचे मफ्स घ्या, गोल इंजिनाचा आवाज लांबून गोड वाटतो, जवळून नाही.

फोटोबद्दल एकच सांगतो कारण बाकी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळत असेल. शटर फार वेगवान ठेवू नका. क्रूझला, म्हणजे हवेत सरळ जाताना, हे इंजिन साधारण १८०० आरपीएमवर चालतं, म्हणजे सेकंदाला ३० फेऱ्या. १/२००० ला फोटो काढला तर त्या वेळात प्रॉप फक्त पाच-साडेपाच अंश फिरतो, फोटोत थांबलेला दिसतो आणि विमान दोरीने टांगल्यासारखं वाटतं. १/१२५ ला तोच जवळजवळ पाव फेरी फिरतो आणि छान चकती दिसते. जमिनीवर आयडलला असेल तर १/६० पर्यंत या. हात हलतो, दहातले आठ फोटो जातात, दोन चांगले येतात.

बसायला मिळतं का, तर दोन प्रकार आहेत. काही ठिकाणी परवानगी घेतलेले लोक पैसे घेऊन फेरी मारतात, तिथे सरळ विचारा, पैसे द्या, बसा. खासगी मालकाला मात्र पैसे देऊ करू नका, साध्या प्रायव्हेट लायसन्सवर भाडं घेता येत नाही आणि विचारलं की तो अवघडतो. त्याने आपणहून बोलावलं तर जा, पुढच्या कॉकपिटमध्ये बसाल, स्टिअरमन एकट्याने उडवायचं तर पायलट मागेच बसतो. चढायच्या आधी खिसे रिकामे करा, सगळे, फोनसकट. पायाखाली बऱ्याच ठिकाणी नीट फ्लोअर नसतो, दोन पट्ट्या असतात आणि त्यांच्या खालून कंट्रोलचे रॉड आणि केबल मागे जातात, पडलेला फोन सरकत शेपटीकडे जातो आणि केबलमध्ये अडकला तर पुढचं बोलायला नको. माझ्या शॉपमध्ये वार्षिक तपासणीला पोट उघडलं की पेनं, नाणी, गॉगल, एकदा तर स्क्रूड्रायव्हर पण निघालाय. पायाने पेडल दाबू नका, स्टिकला हात सांगितल्याशिवाय नाही. आणि वर बघा, वरच्या पंखाच्या मध्यभागी खाली लोंबणारी काचेची नळी दिसेल, तो पेट्रोलचा काटा. टाकी तिथेच वर आहे, ४६ गॅलनची, पेट्रोल नुसतं वरून खाली इंजिनात उतरतं, पंपच नाही. तासाला बारा-तेरा गॅलन जातं, बाकीचं गणित तुम्ही करा.

जेआरडींचं विचारलंत. १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन आले ते विमान पुस मॉथ होतं, आणि ते बायप्लेन नव्हतं, वर एकच पंख आणि बंद केबिन. बऱ्याच पोस्टमध्ये त्या बातमीखाली टायगर मॉथचा फोटो लावलेला असतो, चुकीचा आहे. बायप्लेनची गोष्ट त्याच्या दोन वर्षं आधीची, आगाखान बक्षिसाची, भारत आणि इंग्लंडच्या मध्ये एकट्याने उडायचं. जेआरडी जिप्सी मॉथ घेऊन इकडून निघाले, अस्पी इंजिनिअर नावाचा जेमतेम सतरा वर्षांचा पोरगा तिकडून येत होता, इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली तर अस्पीकडे स्पेअर स्पार्क प्लग नव्हते. जेआरडींनी आपल्याकडचे दिले आणि बक्षीस अस्पीने नेलं. हा अस्पी पुढे भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. प्लगला तेल लागून काळे होणं म्हणजे काय हे ज्याने वाळवंटात नाही तरी निदान आयोवाच्या मक्याच्या शेतात भोगलंय त्याला ते प्लग देणं किती मोठं होतं ते कळतं.

टायगर मॉथ तर आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांचं नेहमीचं शिकवणीचं विमान होतं, हवाई दलातही स्वातंत्र्यानंतर एचटी-२ हे भारतीय बनावटीचं विमान येईपर्यंत शिकवणीला तेच. एखादं फ्लाय-इनला दिसलं तर स्टिअरमनच्या शेजारी उभं करून बघा. १३० हॉर्सपॉवर, इंजिन उलटं बसवलेलं, सिलिंडर खाली, म्हणजे प्रॉप उंच राहतो आणि समोरचं बरं दिसतं. ब्रेक नाहीत, मागे चाकाऐवजी घसरणारी पट्टी, म्हणून डांबरी रनवेवर बिचारं अवघडतं. पंख किंचित मागे झुकलेले दिसतात ते देखणेपणासाठी नाही, पुढे बसणाऱ्या इन्स्ट्रक्टरला पॅराशूट घालून बाहेर पडता यावं म्हणून मधला भाग पुढे सरकवला आणि मग तोल सांभाळायला पंख मागे न्यावे लागले. भारतात गेलात तर दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात वापिती आहे, १९३३ मध्ये आपल्या हवाई दलाने ज्या विमानांवर सुरुवात केली ते बायप्लेन. आणि दलाच्या व्हिंटेज फ्लाइटकडे उडणारं टायगर मॉथ आहे, २०१२ च्या एअर फोर्स डेला हिंडनच्या हवाई तळावर उडालं होतं.

शेवटचं, मालकांशी बोलायचं कसं. 'किती जुनं आहे' आणि 'किंमत किती' हे दिवसातून पन्नास वेळा विचारलं जातं. त्यापेक्षा विचारा, युद्धानंतर हे कुठे होतं? कारण युद्ध संपल्यावर सरकारने ही विमानं काहीशे डॉलरला फुंकून टाकली आणि हजारो स्टिअरमन शेतावर औषध फवारायला गेली. पुढचं कॉकपिट काढून तिथे औषधाची पेटी, नाकात ४५० हॉर्सपॉवरचं प्रॅट अँड व्हिटनीचं इंजिन, आणि वीस-वीस वर्षं कापसावर, भातावर. आज जी दिसतात त्यातली पुष्कळशी अशा फवारणीच्या सांगाड्यातून परत उभी केलेली आहेत, औषधाने शेपटीकडच्या नळ्या आतून गंजलेल्या असतात, त्या कापून नवीन वेल्ड कराव्या लागतात. फवारणीनेच ही जात वाचवली, नाहीतर सगळी भंगारात गेली असती. एकदा हा विषय काढलात की मालक लॉगबुकचे फोटो काढून दाखवतो, कोणत्या गावात कोणत्या तारेला अडकून पडलं होतं इथपर्यंत.

हवामानाचं बघून या, पण ढग आहेत म्हणून बेत रद्द करू नका. उडणं बंद असलं की काउलिंग, म्हणजे इंजिनावरची झाकणं, उघडतात, हँगरमध्ये कॉफी चालू असते, लोकांना बोलायला वेळ असतो, आणि नवख्या माणसाला तोच दिवस जास्त फळतो. फक्त गवत ओलं असतं, चांगले बूट घालू नका. आणि प्रॉप ओढताना, तेल काढताना बघायचं असेल तर आदल्या रात्री गावातच मुक्काम करा, शिकागोहून सकाळी निघून ते मिळणार नाही.